घरे पाडणे सोपे, माणसे वसवणे अवघड

गावागावातला कोणी ना कोणी मुंबईस असतोच. गिरण्यांच्या काळात एकेका खोलीत एकाच गावची दहा-बारा माणसे राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरी. ही दाटी हटवण्यासाठी शहराच्या कारभाऱ्यांनी काय केले, आणि ते कुठे अडले, ते आपण पाहू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. उंदरांवरच्या पिसवांमुळे रोग पसरतो, हे पुढे कळले. त्या वेळी सारा रोख अंधारावर व घाणीवर होता. सूर्यप्रकाश यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. पुष्कळ दारांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवली गेली. अर्थ एवढाच, की हे घर माणसाने राहण्यास अयोग्य. पण मग त्या माणसाने राहायचे कुठे?

१८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडले. ट्रस्टचा एक नियम शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर रेघ ओढा. समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. साध्या भाषेत, समोरचे घर ४० फूट उंच असेल, तर मधे २० फूट मोकळी जागा हवी. म्हणजे खालच्या मजल्यालाही उजेड मिळेल.

नियम चांगला. पण मोकळी जागा सोडायची तर तिथली माणसे कमी करावी लागतात. जितकी कुटुंबे उठवली, तितक्यांना परवडणारी घरे उभी राहिली नाहीत. उठलेली माणसे कामाजवळच्या शेजारच्या गल्लीत शिरली. इकडची गर्दी हटली, तिकडची वाढली!

१९२० मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्चासाठी कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. प्रत्येकीत ८० खोल्या. खोली सुमारे १६० चौरस फूट. घरांची एवढी टंचाई, तरी कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या! भाडे पगाराच्या मानाने जड, वरळी गिरण्यांपासून लांब, आणि खिडकीऐवजी काँक्रीटच्या पट्ट्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या रिकाम्या चाळींचा तुरुंग केला गेला, यावरून काय ते समजा.

१९३३ मध्ये ट्रस्टचे काम महापालिकेकडे आले. १९४७ च्या भाडेनियंत्रणाने भाडेकरूला आधार मिळाला. पण भाडे वाढेना म्हणून मालक डागडुजीत हात आखडू लागले. चाळी कलल्या, कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्बांधणीचा आरंभ २०१७ मध्ये झाला, आणि २०२५ मध्ये वरळीतील काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

आता हे सारे खेड्यातल्या माणसाला कशाला? कारण आपली तालुक्याची गावेही आता शहरे होत आहेत. बाजारामागे, एस. टी. स्थानकामागे पत्र्याच्या खोल्या दाटत आहेत. उद्या तुमची नगरपालिका त्या हटवायला निघाली, तर तिला तीन प्रश्न जरूर विचारा. किती कुटुंबे उठणार? नवे घर कामापासून किती लांब? भाडे रोजंदारीत बसेल का? उत्तरे हाती आली, की मग पहार उचलावी. घर अयोग्य ठरवता येते. पण त्यात राहणारा माणूस नाहीसा होत नाही. त्याला कुठेतरी रात्र काढावीच लागते.