टी पेशींना आवरणारं प्रथिन

कावीळ 'ब'चा विषाणू काही जणांच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतो. त्याला ओळखणाऱ्या टी पेशीही तिथंच असतात, पण हातपाय गाळून बसलेल्या. कर्करोगाच्या गाठीतही पुष्कळदा हेच दिसतं. मारेकरी हजर असतात, मारत मात्र नाहीत. दोन्हीकडे या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन दाटीवाटीनं आढळतं, पीडी-१.

क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला ते १९९२ मध्ये सापडलं. पेशींच्या मरणाशी त्याचा संबंध असावा, असा तेव्हाचा कयास. १९९९ मध्ये या प्रथिनाचं जनुक नसलेल्या उंदरांचे सांधे सुजले, मूत्रपिंडं बिघडली. त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली होती. पीडी-१चं काम तिला आवर घालण्याचं आहे, हे त्यावरून कळलं.

टी पेशी कामाला लागली की पीडी-१ तिच्या अंगावर उगवतं आणि संसर्ग संपला की ओसरतं. विषाणू हटलाच नाही तर तेही हटत नाही. शिवाय टी पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि त्याच्या इशाऱ्यानं आसपासच्या पेशी पीडी-एल१ हे जोडीचं प्रथिन बाहेर काढतात. दोघांची गाठ पडली की टी पेशी मवाळ होते. म्हणजे हल्ला जितका जोरात, तितकी त्याला थोपवायची तयारीही जय्यत. कर्करोग हीच सोय आपल्या पदरात पाडून घेतो.

हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात चिवट विषाणूसंसर्ग जडलेल्या उंदरांना पीडी-एल१ अडवणारी प्रतिपिंडं टोचली. मरगळलेल्या टी पेशी पुन्हा कामाला लागल्या, विषाणू घटला. ही अर्धी गोष्ट सगळे सांगतात. उरलेली अर्धी मला जास्त मोलाची वाटते. मुळातच पीडी-एल१ नसलेल्या उंदरांना त्याच विषाणूची लागण केली, तर ते थोड्याच दिवसांत मेले, आणि तेही स्वतःच्या टी पेशींनी केलेल्या नासधुशीमुळे. टी पेशींच्या या थकव्याला निव्वळ बिघाड कसं म्हणायचं? विषाणू जात नसेल तर निदान अवयव तरी शाबूत राहावेत, अशी ती तडजोड आहे.

पीडी-१चा हा आवर काढणारी औषधं २०१४ मध्ये जपान आणि अमेरिकेत बाजारात आली. सीटीएलए-४ या दुसऱ्या प्रथिनाला अडवणारं औषध अमेरिकेत २०११ मध्येच मंजूर झालं होतं. त्यामागचं काम जेम्स ॲलिसन यांचं. २०१८चं नोबेल त्यांना आणि होंजो यांना विभागून मिळालं. मेंदूपर्यंत पोचलेला मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग घेऊन २०१५ मध्ये उपचाराला बसलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर पुढं वयाची शंभरी पार करून गेले. त्यांना अशा औषधाच्या, म्हणजे इम्युनोथेरपीच्या जोडीला शस्त्रक्रिया आणि रेडिएशनही मिळालं होतं, हे सांगायला हवं. सगळ्यांना असा गुण येत नाही. थायरॉइड बिघडणं, आतड्यांना सूज, क्वचित हृदयाच्या स्नायूंचा दाह हे दुष्परिणाम त्या उंदरांच्या गोष्टीचेच मानवी अवतार.

आपल्याकडे खरी अडचण किमतीची. तोंडाच्या कर्करोगाचे, बहुतेक तंबाखू-गुटख्याचे, रुग्ण मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात रोज येतात. इम्युनोथेरपीचा पूर्ण खर्च झेपणारे त्यांत फार थोडे. पण या औषधांच्या अगदी कमी मात्रेतही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ रेणू झाकले जातात, हे सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं होतं. मग निवोलुमॅब या पीडी-१ अडवणाऱ्या औषधाची दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅमची पूर्ण मात्रा कशाला? टाटामधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चाचणी घेतली. गोळ्यांची स्वस्त केमो सगळ्यांनाच होती. निम्म्यांना जोडीला तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानं नुसत्या गोळ्यांवरचे सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. पूर्ण मात्रा घेणारा गट या चाचणीत नव्हता. त्यामुळे २० मिलिग्रॅम २४०च्या तोडीचं ठरलं, असं कुणी सांगू लागलं तर त्याला तिथंच थांबवावं. पण ज्याच्यापुढं २४०चा पर्याय कधी नव्हताच, त्याला त्या तुलनेचं फारसं काही नाही.