घर हीच शाळा : ख्रिस्ती कुटुंबातील गृहशिक्षणाची परंपरा, दिनक्रम आणि कायदा

प्रस्तावना

मूल सहा वर्षांचे झाले की ते शाळेत जाणार, हे आज आपण गृहीत धरतो. तरीही काही सुशिक्षित पालक मुलांना शाळेत न घालता जाणीवपूर्वक घरीच शिकवितात. अमेरिकेत १९८० नंतर या पद्धतीचा मोठा प्रसार झाला आणि त्यात ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा लक्षणीय होता. महाराष्ट्रात पुणे, मुंबईसारख्या शहरांत निरनिराळ्या धर्मांचे पालक हा मार्ग स्वीकारताना दिसतात. त्यामुळे गृहशिक्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असा समज रूढ झाला आहे.

हा समज पूर्णपणे खरा नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात घर हेच शिक्षणाचे केंद्र ठरल्याची ठळक उदाहरणे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन घरांचा विचार केला असून त्यांच्या आधारे एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. घरी शिकणारे मूल आणि शाळेपासून वंचित राहिलेले मूल यांत नेमका फरक कोणता, हा तो प्रश्न होय. बाहेरून पाहता दोघेही शाळेत जात नाहीत. मात्र एकाचे भवितव्य घडत असते आणि दुसऱ्याचे हातातून निसटत असते. हा फरक ओळखण्याचे निकष स्पष्ट असणे म्हणूनच आवश्यक आहे.

पूर्वपीठिका : डोंगरे कुटुंब

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकविले. दिवसभर घरकाम आणि पतीच्या विद्यार्थ्यांची व्यवस्था यांतून त्यांना सवड मिळत नसे. म्हणून पहाटे, पक्ष्यांची किलबिल सुरू होण्याच्या वेळी, झोपलेल्या मुलीला जागे करून कुशीत घेऊन त्या पाठ देत. डोंगरे कुटुंब ख्रिस्ती नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती समाजातील स्त्रीशिक्षणाच्या या अग्रणीची पायाभरणी अशी घरात झाली, म्हणून तिची नोंद येथे आवश्यक ठरते.

या शिक्षणाला दुसरीही बाजू होती. ते संस्कृत ग्रंथांपुरते मर्यादित होते आणि व्यवहाराशी त्याचा संबंध नव्हता. दुष्काळ पडला तेव्हा अंगमेहनतीची सवय नसलेल्या या विद्वान कुटुंबाला पोट भरणे कठीण झाले. १८७४ च्या सुमारास आईवडिलांचा मृत्यू झाला. आपल्याला हाताने काम करण्याचे शिक्षण मिळाले नव्हते, याची नोंद रमाबाईंनी पुढे स्वतः केली आहे. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी छपाई, विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय अशा कामांना शिक्षणात मानाचे स्थान दिले, त्यामागे हा अनुभव असावा असे मानण्यास जागा आहे. घरातील शिक्षण कितीही उच्च दर्जाचे असले, तरी ते जगाकडे पाठ फिरविणारे असेल तर अपुरे पडते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

रमाबाई आणि मनोरमा : निर्णय कोणाचा ?

रमाबाईंची कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ चा. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले आणि १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या. मनोरमेच्या संगोपनात वाँटेजच्या भगिनी मंडळाचा, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांचा, मोठा सहभाग होता. मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणत असे.

या मायेच्या नात्यातूनच एक तात्त्विक वाद उभा राहिला. मुलीला कोणती धर्मतत्त्वे, कोणत्या वयात आणि कोणी शिकवावीत, याविषयी रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात मतभेद झाले. धर्मसंस्थेने ठरवून दिलेला उपदेश मुलीला जसाच्या तसा द्यावा, हे रमाबाईंना मान्य नव्हते. आपल्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय आई म्हणून आपण घेऊ, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आजचे ख्रिस्ती पालक बहुधा शाळेतील धर्मनिरपेक्ष शिक्षण अपुरे वाटल्याने घराकडे वळतात, असे मानले जाते. रमाबाईंचे प्रकरण याहून वेगळे आहे. त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या आणि त्यांचा वाद चर्चशी संबंधित संस्थेशीच होता. पालकांचा हक्क हा केवळ शासनापुढे नव्हे, तर आपल्याच धर्मसंस्थेपुढेही मांडावा लागतो, हे त्यावरून दिसते. तसेच रमाबाईंनी हा हक्क मुलीला कोंडून ठेवण्यासाठी वापरला नाही. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. मनोरमेने भारताबाहेर आणि भारतात शिक्षण घेऊन पुढे आईच्या शैक्षणिक कार्याची धुरा सांभाळली.

टिळकांचे घर

रमाबाईंच्या घराला विद्वत्तेचा वारसा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या घराची कथा वेगळी आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) विवाहाच्या वेळी निरक्षर होत्या. त्यांची अक्षरओळख संसारात, पतीच्या आग्रहाने झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावर १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

राहुरी आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील त्यांचे घर स्वतःच्या मुलांपुरते राहिले नाही. निराधार मुले तेथे वाढली आणि बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या तरुण कवीलाही तेथे आश्रय मिळाला. या घरात वाचन, काव्य, भजन, चर्चा आणि संसारातील ओढाताण ही सारी एकत्र नांदत होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे सोडले, तेव्हा उरलेला बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. टिळकांच्या घरी नियमित वेळापत्रकाची शाळा नव्हती, हे खरे. परंतु जेथे आई स्वतः शिकत असते, तेथील मुलांना शिकणे हे शिक्षेसारखे वाटत नाही, हे या घराकडे पाहून समजते.

अशा घरांना वाचनसाहित्याचाही आधार होता. १८४२ पासून 'ज्ञानोदय' आणि पुढे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक मराठी ख्रिस्ती कुटुंबांत वाचले जात असे. पुस्तके घरात येणे ही गृहशिक्षणाची पहिली अट या नियतकालिकांनी काही अंशी पूर्ण केली.

आजचा दिनक्रम

सध्याच्या गृहशिक्षण करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत दिवसाचा आरंभ सामान्यतः कौटुंबिक प्रार्थनेने होतो. पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचला जातो. मराठी घरांत 'उपासना संगीत'मधील गीत म्हटले जाते. लहान मुलाच्या दृष्टीने ही उपासना म्हणजे भाषेचाही पाठ असतो. ऐकणे, पाठांतर, उच्चार आणि कथेचा क्रम लक्षात ठेवणे या गोष्टी त्यात आपोआप घडतात.

त्यानंतर वाचन, लेखन व गणित यांचे छोटे पाठ होतात. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा प्रभाव अनेक ख्रिस्ती गृहशिक्षकांवर आहे. पहिली सहा वर्षे औपचारिक पाठांचा भार नसावा, लहान मुलांचे पाठ थोडक्या वेळाचे असावेत, मुलांनी बराच काळ निसर्गात घालवावा आणि ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, ही त्यांची मुख्य सूत्रे होत. घरकाम हाही अभ्यासाचाच भाग ठरतो. धान्य मापणे, भाकऱ्या मोजून वाढणे, बाजाराचा हिशेब मांडणे, परसातील वेलीची वाढ पाहणे यांतून संख्या, माप आणि निरीक्षण यांची ओळख होते. रविवारी चर्च आणि शब्बाथ शाळेत इतर मुलांची संगत मिळते.

या चित्रात एक प्रश्न दडलेला आहे. हे सर्व शिकविणार कोण ? प्रत्यक्षात हा भार बहुतेक वेळा आईवर पडतो. डोंगरे कुटुंबातील आईला त्यासाठी पहाटेची झोप सोडावी लागली. दीडशे वर्षांनंतरही स्वयंपाक, धाकटे मूल आणि पाठ यांची सांगड घालताना आईची दमछाक होते. शिवाय धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीचा अभ्यास मागे पडण्याचा धोका असतो. वडिलांचा प्रत्यक्ष सहभाग नसेल तर गृहशिक्षण म्हणजे आईच्या श्रमात आणखी एक भर, एवढेच होऊन बसते.

कायद्याची बाजू

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ अन्वये ६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने कलम ५१-अ मध्ये अकरावे मूलभूत कर्तव्य जोडले. त्यानुसार पालकांनी पाल्याला शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून द्यावयाच्या आहेत. येथे 'शिक्षण' हा शब्द आहे, 'शाळा' हा नाही. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० ने मात्र पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच्या उल्लंघनाबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद या कायद्यात नाही. म्हणजे गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही आणि ते करणाऱ्या पालकांना दंडही नाही. सहा वर्षांखालील बालकांबाबत तर दाखल करण्याची सक्तीच नाही.

व्यवहारात काही मार्ग खुले आहेत. कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ यांच्या परीक्षाही उपलब्ध आहेत.

जगात याविषयी एकमत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने मुलांच्या शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क पालकांना दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतरच्या सक्तीच्या शालेय शिक्षणातून सूट दिली. उलट, जर्मनीतील ख्रिस्ती पालकांनी गृहशिक्षणासाठी केलेली तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये अग्राह्य ठरविली. पालकांच्या श्रद्धेबरोबरच बालकाने विविध प्रकारच्या माणसांत वाढावे, हेही समाजाचे हित आहे, असा विचार त्यामागे होता.

ग्रामीण वऱ्हाडाच्या संदर्भात

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशा भागात शाळेत न जाणारे मूल दिसले तर ते पालकांनी विचारपूर्वक घरी शिकविलेले असेल, अशी शक्यता फार कमी असते. शेतीची कामे, रोजगारासाठी स्थलांतर, धाकट्या भावंडांची जबाबदारी अथवा मुलीचे लवकर लग्न ही कारणे तेथे अधिक संभवतात. गृहशिक्षणाचा गौरव करताना या मुलांच्या वंचिततेला आपण नकळत प्रतिष्ठा तर देत नाही ना, याचे भान ठेवले पाहिजे.

दुसरीकडे, ज्या शाळा आहेत त्यांनीही घराकडून शिकण्यासारखे आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या किंवा कोरकू मातृभाषा असणाऱ्या मुलाला पहिलीत पुस्तकी मराठी अनोळखी वाटते. घरची भाषा, ओळखीच्या वस्तू, छोटे पाठ आणि मोठ्यांचा सहवास हे गृहशिक्षणातील गुण पहिली-दुसरीच्या वर्गात आणणे अशक्य नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून गृहशिक्षण तपासण्याचे तीन निकष मांडता येतील. पहिला, घरात स्वतः शिकत राहणारी आणि त्यासाठी पुरेसा वेळ असणारी प्रौढ व्यक्ती आहे का ? दुसरा, मुलाची प्रगती घराबाहेरील कोणी पाहते का आणि परीक्षेचा व शाळाप्रवेशाचा मार्ग त्याला खुला आहे का ? तिसरा, कुटुंबाच्या धर्माबाहेरील, जातीबाहेरील आणि भाषेबाहेरील माणसांशी त्याचा संबंध येतो का ?

रमाबाई आणि टिळक यांची घरे श्रद्धेवर उभी होती, पण त्यांची दारे बंद नव्हती. त्या घरांतून संस्था उभ्या राहिल्या, ग्रंथ निर्माण झाले आणि परक्या मुलांना आसरा मिळाला. हे तीनही निकष पूर्ण होत असतील तर मूल घरी शिकते आहे म्हणून चिंता करण्याचे कारण नाही. ते पूर्ण होत नसतील, तर पालकांची श्रद्धा कितीही प्रामाणिक असली तरी त्या मुलाची गणना शाळाबाह्य बालकांतच करावी लागेल आणि त्याच्यासाठी शाळेचे दार उघडून देणे हे शिक्षक म्हणून आपले कर्तव्य ठरेल.