भित्र्या जिवाला घर

संत नामदेवांची एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नामदेव जेवावयास बसले असता एका कुत्र्याने त्यांची पोळी पळविली. त्या मुक्या जिवाला कोरडी पोळी खावी लागू नये, म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेतील करुणा थोर आहे. परंतु मुलांनो, क्षणभर त्या कुत्र्याच्या बाजूने विचार करून पाहा. मागून येणाऱ्या माणसाच्या हातात तूप आहे की काठी, हे पळणाऱ्या कुत्र्याला कसे कळावे? त्याला ऐकू येतात ती केवळ धावणारी पावले. भ्यालेल्या प्राण्यावर दया करू इच्छिणाऱ्याने हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. मला तो सहावीतील एका विद्यार्थ्यामुळे उमगला.

२०११ सालचा श्रावण महिना होता. एके सकाळी आमच्या शाळेच्या मागील पडवीत, मोडक्या बाकांच्या आड, भुऱ्या रंगाची एक कुत्री अंग चोरून बसलेली आढळली. तिच्या गळ्यात तुटलेल्या दोरीचा फास होता. त्या मुलाने आपल्या डब्यातील भाकरीचा तुकडा माझ्या परवानगीने दूर ठेवला. कुत्रीने त्याकडे पाहिलेही नाही. सर्वजण निघून गेल्यावर मात्र भाकरी नाहीशी झाली. पुढे हा नित्यक्रमच झाला. मुलांनी तिचे नाव भुरी ठेवले. आठ दिवसांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी येऊन तिच्या गळ्यातील फास काढला, तिला तपासले व रेबीजची प्रतिबंधक लस टोचली.

“किती गरीब आहे हो ही! हात लावला तरी हलत नाही,” असे मुले म्हणू लागली. वस्तुतः भुरी गरीब नव्हती; ती भयाने थिजलेली होती. कुत्र्याला बोलता येत नाही, पण त्याचे शरीर बोलत असते. शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, तोंड फिरविणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, समोर अन्न नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, ही सारी भयाची चिन्हे होत. असा प्राणी पळावयास वाट मिळाली तर पळतो. वाट खुंटली तर चावतोही. म्हणून अनोळखी कुत्र्याला मुलांनी कधीही हात लावू नये. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, घरातील वडील माणसांना तत्काळ सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी.

कुत्रा असा भित्रा का होतो? मारहाण व उपासमार ही कारणे तर उघडच आहेत. तथापि तेवढीच नाहीत. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पिलाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो, असे त्यांना आढळले. या काळात पिलाला माणसाचा प्रेमळ सहवास लाभला, तर पुढे माणसे त्याला आपली वाटतात. तो लाभला नाही, तर माणसाचे भय त्याच्या मनात घर करून बसते. असा कुत्रा हट्टी नसतो आणि कृतघ्नही नसतो. आपण ज्याला माया म्हणतो, तिची भाषाच त्याला कोणी शिकविलेली नसते.

भाकरी देणाऱ्या त्या मुलाने वडिलांची संमती मिळविली आणि भुरीला आपल्या घरी नेले. घर मायाळू होते. चौदा माणसांचे एकत्र कुटुंब, अंगणात भावंडांचा खेळ आणि घराला लागूनच पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा फिरू लागला, की भुरी पोत्यांच्या मागे शिरे व तिचे सारे अंग कापू लागे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा येतो. जे यंत्र आपल्याला केवळ घरघरताना ऐकू येते, त्यातील कितीतरी कर्कश स्वर कुत्र्याच्या कानावर अधिकच आदळत असतात. भुरी रात्री गिरणी बंद झाल्यावरच अन्नाला तोंड लावी. पाचव्या दिवशी कोणी पाहुण्याने फाटक उघडे ठेवले आणि ती निसटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा शाळेच्या पडवीत, त्याच बाकांच्या आड सापडली.

तो मुलगा माझ्याकडे आला. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या घरी तिचे पोट भरते, पण जीव थाऱ्यावर येत नाही. तिला दुसरे घर पाहायला हवे.” अकरा वर्षांच्या मुलाने हे शब्द उच्चारावे, याचे मला आश्चर्य वाटले. आवडती वस्तू जवळ ठेवावी, असे कोणालाही वाटते. परंतु जीव म्हणजे वस्तू नव्हे. आपले घर तिला मानवत नाही, हे ओळखून तिला दूर करण्यास त्या मुलाला किती कष्ट पडले असतील, याची तुम्हीच कल्पना करा.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. प्राण्याला नवे घर शोधून देणे निराळे व त्याला रस्त्यावर सोडून देणे निराळे. प्राण्याला भुकेतहानेच्या यातना होतील अशा रीतीने, योग्य कारणावाचून टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ते संविधानात समाविष्ट झाले.

भुरीला घेण्यास तिघे तयार झाले. एका दुकानदाराला राखणीसाठी कुत्रा हवा होता. परंतु भित्र्या प्राण्याला राखणीस बसविणे म्हणजे त्याचे भय दिवसरात्र जागे ठेवणे होय. एका सद्‌गृहस्थांना आपल्या लहान मुलांसाठी खेळगडी हवा होता; ते घरही नाइलाजाने बाजूला ठेवावे लागले. तिसरे घर गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे होते. तेथे एक निवृत्त परिचारिका राहत असत. मुले त्यांना आजी म्हणत. घराला कुंपण होते, येणारे-जाणारे थोडे होते आणि मोती नावाचा एक शांत, म्हातारा कुत्रा सोबतीला होता. निर्भय कुत्र्याचे वागणे पाहून भित्रा कुत्रा पुष्कळ शिकतो. आजींना मी विचारले, “ती महिनाभर जवळ आली नाही तर?” त्या म्हणाल्या, “न येऊ दे. तिला ठिकाण हवे आहे. मला काही घाई नाही.” आमची निवड तेथेच झाली. जमले नाही तर भुरीला रस्त्यावर न सोडता आम्हाला कळवावे, एवढे वचन मात्र आम्ही घेतले.

एका निवांत दुपारी भुरीला तेथे पोहोचविले. ती ज्या गोणपाटावर निजत असे, ते त्या मुलाने न धुता सोबत दिले. कुत्रा जग नाकाने ओळखतो. ओळखीचा वास हा त्याला परक्या ठिकाणी मोठा धीर असतो. नव्या घरातून निसटण्याचा धोका पहिल्या दिवसांत विशेष असतो. म्हणून आजी कुंपणाच्या आतही तिच्या गळपट्ट्याची साखळी हातातून सोडीत नसत. खोलीच्या एका कोपऱ्यात गोणपाट अंथरले होते. त्या कोपऱ्यात कोणीही जायचे नाही, हा घराचा नियम ठरला. अन्नाची वेळ ठरलेली असे. आजी तिला हाका मारीत नसत, तिच्या डोळ्यांत रोखून पाहत नसत, तिच्यावर वाकत नसत. त्या तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडीत बसत आणि मधूनमधून भाकरीचा तुकडा मागे टाकीत. प्रथम तुकडा दूर पडे. दिवसेंदिवस तो जवळ पडू लागला. तीन आठवड्यांनी भुरी मोतीच्या मागोमाग अंगणात हिंडू लागली. दिवाळीत फटाके वाजू लागले, तेव्हा आजींनी तिला आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावून घेतल्या व त्या स्वतः तेथेच वाचीत बसल्या. त्या रात्री भुरी प्रथमच आपण होऊन त्यांच्या पायाशी आली.

भुरी स्थिरावेपर्यंत तिला भेटू नये, असे आम्ही त्या मुलाला सांगितले होते. ते त्याने निमूटपणे पाळले. मार्गशीर्षात मी त्याला घेऊन गेलो. तो धावला नाही, त्याने हाकही मारली नाही. आजींनी सांगितले तसा तो उंबरठ्याशी कडेला तोंड करून, हात मांडीवर उघडा ठेवून बसला. बराच वेळ गेला. मग भुरी मागच्या बाजूने हळूच आली. तिने त्याचा तळहात हुंगला, शेपूट दोन-तीनदा हलविली आणि ती आजींच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

परतीच्या वाटेवर मुलगा गप्प होता. तो खिन्न झाला असावा, असे मला वाटले. ओढा ओलांडल्यावर तो एकाएकी म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पाहिलेत का? ती झोपली. आमच्या घरी ती माझ्यासमोर कधीच झोपली नव्हती.”