आरामाची ब्रँच कुठली?

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, उद्यापासून चॉइस फिलिंग आहे आणि घरात नुसती रणधुमाळी चाललीये. रविवारी तू येच." नीट-पीजीत तिचा रँक छान आलाय. स्किन मिळेल, रेडिओलॉजीही कदाचित मिळेल, आणि गायनॅक तर नक्कीच. घोडं अडलंय तिथेच. तिला गायनॅकच करायचंय, आणि माझ्या ताईला ते सोडून दुसरं काहीही चालेल.

रविवारी गेले. चहा होईपर्यंत ताई गप्प होती. मग म्हणाली, "तूच सांग हिला. तुझ्यासारखं करू नकोस म्हणावं. तुझी लेक कशी वाढली ते मी बघितलंय."

लागलं मला. पण खोटं काय होतं त्यात?

१९९७ साली मी या तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस सुरू केली. खाली दवाखाना, वर घर. पाहुण्यांना वाटतं, किती सोयीचं! सोयीचं कुणाला? पेशंटला. रात्री दोनला गेटची कडी वाजली की आधी माझी झोप मोडायची, मग सासूबाईंची, मग लेकीची. तिच्या पाचव्या वाढदिवसाला "आलेच हं, पाच मिनिटांत" म्हणून खाली गेले, ती सिझेरियन उरकून साडेअकराला वर आले. सासूबाईंनी केकचा तुकडा ताटलीखाली झाकून ठेवला होता. लेक नवीन फ्रॉक घालूनच झोपली होती.

तेव्हा ताईची काळजी मला कळते. पण तिने आणि भाऊजींनी मिळून 'मुलींसाठी आरामाच्या' ब्रँचेसची यादीच केली होती, ती मात्र मला पटेना.

पहिली स्किन. रात्री कुणी उठवत नाही, हे खरं. पण आपल्या गावांत दवाखाना चालतो कधी? नोकरीवरून, शेतावरून, दुकानातून माणसं मोकळी झाली की. म्हणजे संध्याकाळी पाच ते नऊ. आणि मुलं शाळेतून येतात कधी? अभ्यास, जेवण, दिवसभराच्या तक्रारी सांगणं, सगळं त्याच वेळात! आमच्या गावातली त्वचारोगतज्ज्ञ मैत्रीण म्हणते, "मला रात्री झोप मिळते गं, पण पोरं जागी असलेली दिसत नाहीत."

रेडिओलॉजीचंही तसंच. सीटी, एमआरआयचे रिपोर्ट आता घरी बसून देता येतात, ही मोठीच सोय झाली आहे. पण सोनोग्राफी घरून होत नाही, पेशंटच्या पोटावर प्रोब ठेवावाच लागतो. त्यात १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्याचं कागदकाम. कायदा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक गर्भवतीमागे एफ फॉर्म काटेकोर भरायचा, आणि त्यात चूक निघाली तर मशीन सील होऊन वर केस होऊ शकते, ही धाकधूक कायम. याला आराम म्हणायचं का?

भूलशास्त्राचं मला स्वतःला नेहमी आकर्षण वाटतं. हॉस्पिटल बांधायला नको, कर्ज नको, ओपीडी नको. बोलावलं की जायचं, काम संपलं की घरी. मोठ्या शहरात "आज जमणार नाही" म्हणता येतं. आमच्याकडे भूल देणारे दोनच. एक गावाला गेला की दुसऱ्याला आजारी पडायचीही सोय नाही. पॅथॉलॉजी, डोळ्यांची ब्रँच, मानसोपचार यांत रात्रीची धावपळ खरोखरच कमी. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण रस असेल तर! नुसती वेळ सोयीची म्हणून तीस वर्षं मायक्रोस्कोपमध्ये कसं बघत बसायचं?

शिवाय ब्रँच कुठलीही घ्या, आधीची तीन वर्षं रेसिडेन्सीची. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या आम्ही केल्या, आजही मुलं करतात. २०२३ च्या नव्या नियमांत आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला वीस दिवसांची रजा लिहिली आहे. प्रत्यक्षात ती किती मिळते, हे त्या त्या युनिटमधल्या मुलींनाच विचारायचं. मी भाचीला तेच सांगितलं. कॉलेजचं नाव बघू नकोस नुसतं, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन कर आणि विचार, "रात्री झोपायला खोली आहे का? बाळंतपणाची रजा घेतली तर सर काय म्हणतात?" कारण ही तीन वर्षं येतात नेमकी पंचविशी-तिशीच्या मध्ये, घरात स्थळं येत असतात तेव्हा.

मग भाची हळूच म्हणाली, "मावशी, तुला पश्चात्ताप होतो?"

काय सांगू? २००९ सालची गोष्ट आहे. सलग दोन रात्री जागून तिसऱ्या रात्री टाके घालत होते आणि क्षणभर माझा डोळा लागला. सिस्टरने कोपराला हात लावला, "मॅडम!" पेशंटला काही झालं नाही. पण मी घरी येऊन थरथरत बसले. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुसऱ्या दोघी गायनॅककडे गेले. तोवर आमचं बोलणं फक्त लग्नाकार्यात. एकमेकींचे पेशंट पळवतो की काय, हाच संशय! त्यांना म्हटलं, रात्री वाटून घेऊ या. तिघींत मिळून दर तिसरी रात्र एकीची.

सोपं नव्हतं. "आमच्या बाई कुठायत?" म्हणून नातेवाईक चिडायचे. एकीच्या यजमानांना पटत नव्हतं, पेशंट तिकडेच गेले तर? पहिल्या वर्षी माझं उत्पन्न कमी झालं, तेही खरं. पण हळूहळू बायकांनाच सवय झाली. नवव्या महिन्यात येतात तेव्हा आता त्याच विचारतात, "बुधवारी कुणाची पाळी?" ब्रँच तीच, गाव तेच, घरही तेच. मी मात्र तीनपैकी दोन रात्री झोपायला लागले. बारा वर्षं आधी हे का सुचलं नाही? पश्चात्ताप होतो तो याचा.

भाऊजी म्हणाले, "पण मुलीच्या जातीला..." मी विचारलं, "तुमच्या पुतण्याने ऑर्थो घेतलं, तेव्हा पोळ्या कोण करणार असं कुणी विचारलं होतं का?" भाऊजी हसले नुसते. ताई नाही हसली.

निघण्याआधी मी लेकीला फोन लावला, पुण्याला. स्पीकरवर टाकला आणि सरळ विचारलं, "लहानपणी तुला काय खटकायचं गं माझं?" वाटलं, वाढदिवस काढणार. तिला तो आठवतही नव्हता! म्हणाली, "तू उभ्याने जेवायचीस ना ओट्याशी, ते. सारखं वाटायचं, ही आत्ता जाणार."

कुणीच काही बोललं नाही. भाचीने लॅपटॉप उघडला. पहिल्या पाच ओळींत गायनॅकच भरलं, पण दोन मोठी नावाजलेली कॉलेजं खाली ढकलली आणि जिथल्या सिनिअर मुलीने फोनवर नीट उत्तरं दिली होती ते वर घेतलं. ताई मागे उभी राहून वाचत होती. "लॉक करायला अजून दोन दिवस आहेत ना?" एवढंच म्हणाली.

त्या रात्रीची पाळी माझी होती, त्यामुळे जेवायला थांबता येणार नव्हतं. ताईने डबा बांधून दिला. गाडीच्या काचेतून आत देताना म्हणाली, "घरी जाऊन बसून खा."