सावळी त्वचा आणि लेझर: पार्लरसाठी मशीन घेण्याआधी हे वाचा

समजा, तुमचं राजूर कॉलरीत किंवा वणीत छोटं पार्लर आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, लग्नसराईत ब्रायडल मेकअप. आता गिऱ्हाइकं विचारायला लागलीत, "ताई, हनुवटीवरचे केस कायमचे जातील असं काही आहे का?" त्याच आठवड्यात एका विक्रेत्याचा फोन येतो. डायोड लेझर मशीन, दोन दिवसांचं ट्रेनिंग फ्री, सर्टिफिकेट फ्री, सगळ्या स्किनला चालतं. मुद्रा लोनची फाइलसुद्धा तोच करून देतो म्हणतो.

हिशोब तर गोड दिसतो. ४ लाखांचं मशीन, १२ टक्के व्याज, ३ वर्षांची मुदत धरा. हप्ता साधारण १३,३०० रुपये. एका सिटिंगचे १,००० घेतले तर महिन्याला चौदा सिटिंगमध्ये हप्ता निघाला. पण या कागदावर गिऱ्हाइकाच्या त्वचेचा रंग कुठेच लिहिलेला नाही, आणि आपल्याकडे सगळं त्यावरच अडतं.

राजूरच्या माणसाला हे समजायला पुस्तक नको. मे महिन्याच्या दुपारी चुनखडीच्या ढिगावर हात ठेवा आणि मग कोळशाच्या ढिगावर ठेवा. ऊन तेच, पण कोळसा चटका देतो, कारण काळा रंग उष्णता जास्त ओढतो. लेझर याच तत्त्वावर चालतं. केसातलं काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश ओढतं, तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळाला जाळते. गोऱ्या त्वचेत केस कोळसा आणि कातडी चुनखडी, त्यामुळे काम सोपं. सावळ्या कातडीत मात्र तेच मेलॅनिन भरपूर असतं. मशीनला केस आणि कातडी यातला फरक कळेनासा होतो. मुळापर्यंत पोचायच्या आधीच उष्णता वर अडकते. मग फोड, काळे डाग, कधी पांढरे चट्टे. काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात आणि पांढरा चट्टा तर कधीकधी जातच नाही. चेहऱ्यावर असा चट्टा घेऊन लग्नाच्या मुलीने काय करायचं, सांगा.

डॉक्टर लोक त्वचेचे सहा प्रकार धरतात. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली ही पद्धत आणली. उन्हात कातडी भाजते की काळवंडते, यावरून प्रकार ठरतो. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. त्यामुळे गोऱ्या कातडीवरचं सेटिंग इथे जसंच्या तसं वापरणं म्हणजे सरळ धोका.

मग सावळ्या त्वचेवर लेझर होतच नाही का? होतं, आणि चांगलं होतं. फक्त मशीन कोणतं आणि चालवतंय कोण, हे बघावं लागतं. प्रकाशाची तरंगलांबी जितकी जास्त, तितका तो खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. अलेक्झांड्राइट लेझर ७५५ नॅनोमीटरचं, सावळ्या कातडीला जोखमीचं. डायोड साधारण ८०० ते ८१० चं. प्रकाशाचा झोत लांबवला आणि कातडी नीट थंड ठेवली तर बऱ्याच भारतीय त्वचेवर चालतं. एनडी-याग १०६४ चं, गडद त्वचेसाठी सगळ्यात सुरक्षित मानलं जातं. पण त्याने दुखतं जास्त आणि बारीक केसांवर त्याचा जोर कमी पडतो. आणखी एक गंमत बघा: बाजारात 'लेझर' म्हणून विकली जाणारी बरीच मशीनं लेझर नसतातच. ती आयपीएल असतात, म्हणजे फिल्टर लावलेला तीव्र दिवा. घरगुती आयपीएलच्या खोक्यावर त्वचेच्या रंगाचा तक्ता असतो आणि सगळ्यात गडद रंगांना वापरू नका, असं कंपनी स्वतःच सांगते. सगळ्या स्किनला चालतं म्हणणाऱ्या विक्रेत्याला तो तक्ता दाखवा.

'कायमचे जातील' हा शब्द तर पाटीवर लिहूच नका. अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेला शब्दसुद्धा 'कायमची घट' असा आहे, कायमचं निर्मूलन नाही. केस टप्प्याटप्प्याने वाढतात आणि लेझर फक्त वाढीच्या टप्प्यातल्या केसावर चालतं. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग, आणि पुढेही अधूनमधून एखादं. पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नाही, तिथे उपयोग शून्य. आणि हनुवटीवर अचानक राठ केस, सोबत पाळी अनियमित, अशी मुलगी आली तर आधी डॉक्टरकडे पाठवा. पीसीओएस असेल तर केस पुन्हा येतच राहतात. चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर मारल्याने केस उलट वाढल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती आपल्यासारख्या त्वचेतच जास्त दिसतात.

आता धंद्याचं बोलू. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, २००८ साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख स्पष्ट आहे: हे काम डॉक्टरने करावं किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावं. दोन दिवसांचं फ्री सर्टिफिकेट त्यात बसत नाही. गिऱ्हाईक भाजलं आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलं, तर पहिला प्रश्न हाच येईल की मशीन कोण चालवत होतं. त्या दिवशी विक्रेता फोन उचलेल, असं धरून चालू नका. हप्ता मात्र दर महिन्याला चालूच.

माझं स्पष्ट मत: पहिलं मशीन कर्जावर स्वतः घेऊ नका. आधी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये वर्षभर सहायक म्हणून काम करा. काम हातात बसतं आणि या भागात गिऱ्हाईक खरंच किती, हेही कळतं. दुसरा रस्ता म्हणजे डॉक्टरने स्वतःचं मशीन घेऊन ठराविक दिवशी तुमच्याकडे बसावं. नुसती नावाची पाटी नको, माणूस हजर हवा. खोलीचं भाडं ठरलेलं, करार लेखी. 'पेशंट पाठवते, इतके टक्के द्या' असं बोलू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला असं कमिशन देता-घेता येत नाही.

तुमचं खरं काम सिटिंगच्या आधी आणि नंतर आहे. लेझर सुरू असलेल्या जागी वॅक्सिंग-थ्रेडिंग बंद, कारण केस मुळासकट उपटला तर लेझरने जाळायचं काय? फक्त रेझर चालतो. म्हणजे त्या जागेचं वॅक्सिंगचं उत्पन्न जाणार, ते हिशोबात धरा. उन्हाने काळवंडलेल्या कातडीवर सिटिंग नको, म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे जवळपास रिकामे जातील. सुरुवात पावसाळ्यानंतरची ठेवा. आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यायला लावा आणि आठ-पंधरा दिवस थांबा, कारण डाग उशिरा उमटतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड करा: तारीख, मशीन, सेटिंग, चालू गोळ्या, गरोदर आहे का, सही, आणि त्याच उजेडात काढलेले आधीचे-नंतरचे फोटो. मशीन चालू असताना खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा. उन्हातला गॉगल त्या कामाचा नाही.