पूर्वग्रह व भेदभाव, सामाजिक

एखाद्या वंशाविषयी, जातीविषयी, धर्म वा भाषासमूहाविषयी पुरेशा अनुभवावाचून बनलेले, भावनेने भारलेले आणि विरुद्ध पुरावा मिळूनही सहसा न बदलणारे प्रतिकूल मत म्हणजे पूर्वग्रह. केवळ त्या समूहात जन्म झाला एवढ्याच कारणावरून व्यक्तीला हक्क, संधी, सेवा किंवा प्रतिष्ठा नाकारणारे वर्तन म्हणजे भेदभाव होय. पूर्वग्रह ही मनोवृत्ती आहे, तर भेदभाव ही कृती आहे. या दोहोंची बहुधा सांगड असते. तथापि ती अपरिहार्य नाही. समाजशास्त्रीय अभ्यासाचा आरंभ या भेदापासून होतो.

पूर्वग्रहाच्या मुळाशी साचेबंद प्रतिमा असतात. अमेरिकन लेखक वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) यांनी १९२२ मध्ये मुद्रणव्यवसायातील साच्याची उपमा देऊन ही कल्पना रूढ केली. समूहाची एक ठोकळेबाज प्रतिमा बनते आणि त्यातील प्रत्येक व्यक्ती तिच्या आधारे जोखली जाते. एमरी बोगार्डस (१८८२–१९७३) यांनी पूर्वग्रहाच्या मापनासाठी सामाजिक अंतराची श्रेणी तयार केली. परक्या समूहातील व्यक्ती आप्त, मित्र, शेजारी, सहकारी वा नागरिक यांपैकी कोणत्या नात्याने चालेल, हे तीत विचारले जाते. रोटीव्यवहार, बेटीव्यवहार व पाणवठा या भारतीय समाजाच्या परिचित पायऱ्यांशी या श्रेणीचे साम्य सहज ध्यानात येते.

मत आणि वर्तन यांतील अंतर रिचर्ड लापियेर यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत दूरवर प्रवास केला. अडीचशेहून अधिक हॉटेले व खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. परंतु नंतर पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चालकांनी चिनी ग्राहक स्वीकारणार नाही असे कळविले. उलट प्रकारही घडतो. रॉबर्ट मर्टन (१९१०–२००३) यांनी १९४९ मध्ये चार प्रकारच्या व्यक्ती कल्पिल्या : पूर्वग्रह व भेदभाव दोन्ही नसणारी, दोन्ही असणारी, पूर्वग्रह असूनही कायद्याच्या वा नुकसानीच्या भीतीने भेदभाव न करणारी आणि मनात आकस नसताही स्वजनांच्या दडपणामुळे भेदभाव करणारी. यांतील शेवटचा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. भेदभाव टिकून राहतो तो केवळ द्वेष्ट्यांमुळे नव्हे, तर गप्प राहणाऱ्या सज्जनांमुळेही, हे त्यावरून स्पष्ट होते.

पूर्वग्रहाच्या उपपत्ती अनेक आहेत. वैफल्यातून येणारे आक्रमण दुर्बल समूहावर वळते, असे एक मत आहे; कठोर संगोपनातून घडलेल्या अधिकारवादी व्यक्तिमत्त्वावर दुसरे मत भर देते. या दोन्ही उपपत्ती व्यक्तीच्या मनात कारण शोधतात. हर्बर्ट ब्लूमर (१९००–८७) यांनी १९५८ मध्ये वेगळी दिशा दाखविली. त्यांच्या मते पूर्वग्रह ही समूहाच्या स्थानाची जाणीव असते. काही जागा, वस्तू व मान यांवर आपलाच हक्क आहे अशी वरिष्ठ समूहाची धारणा असते आणि तो हक्क धोक्यात येताच पूर्वग्रह उग्र होतो.

या उपपत्तीच्या प्रकाशात नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विचार उद्‌बोधक ठरतो. पंचवटीतील हे मंदिर पेशवाईच्या उत्तरकाळात सरदार ओढेकर यांनी काळ्या पाषाणात बांधविले. तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेला बोले ठराव सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादींपुरता होता. मंदिरे त्याच्या कक्षेत येत नव्हती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या नेतृत्वाखाली सु. १५,००० लोक नाशिकला जमले. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड (१९०२–७१) हे होते. मिरवणूक मंदिराशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांशी बसली.

९ एप्रिल १९३० रोजी रथयात्रेच्या वेळी दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात रथ परस्पर पुढे नेण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. या घटनेची प्रतिक्रिया मंदिरापुरती राहिली नाही. जिल्ह्यातील अनेक गावांत अस्पृश्यांच्या मुलांना शाळा बंद झाल्या, वाटा अडविल्या गेल्या, वाण्याच्या दुकानातून मीठमिरची मिळेनाशी झाली. देवळाच्या उंबरठ्याशी ज्याचा संबंध नव्हता, असा गावातला व्यवहारही बंद पडला. यावरून भेदभाव ही सुटी सुटी कृत्ये नसून परस्परांना आधार देणारी व्यवस्था आहे, हे दिसून येते. एका ठिकाणी हक्काची मागणी झाली की, इतर सर्व ठिकाणी तिची किंमत वसूल केली जाते.

सत्याग्रह १९३५ पर्यंत अधूनमधून चालू राहिला. रामकुंडाचा प्रश्नही त्यात आला आणि अनेकांना तुरुंगवास घडला. मूर्तिपूजेचा अधिकार हे आंबेडकरांचे अंतिम साध्य नव्हते. मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी, अस्पृश्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चैतन्य यावे यासाठी हा मार्ग स्वीकारला होता, असा खुलासा करून यापुढे शिक्षण व राजकारण यांवर शक्ती एकवटावी असे सुचविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे त्यांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

जातिभेद हा वंशभेदच होय काय, हा वाद जुना आहे. नाकाच्या मापांवरून जातींची वांशिक उतरंड मांडणाऱ्या रिझली यांचे मत उत्तर भारतातील मर्यादित प्रदेशाबाहेर टिकत नाही, असे गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) यांनी १९३२ मध्ये दाखविले. अस्पृश्यतेचे मूळ वांशिक भिन्नतेत आहे हे मत आंबेडकरांनीही १९४८ मध्ये नाकारले. तथापि जन्मावरून स्थान ठरणे, विवाहावर बंधने असणे व स्पर्शाचा विटाळ मानणे या बाबींत दोन्ही व्यवस्था एकमेकींशी मिळत्याजुळत्या आहेत. वंशभेदाच्या निर्मूलनासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये केलेल्या करारातील ‘कुळ’ या शब्दात जातीचाही समावेश होतो, असा अभिप्राय संबंधित समितीने २००२ मध्ये दिला. भारत सरकारने तो अन्वयार्थ मान्य केलेला नाही.

निर्मूलनाचे उपाय दोन प्रकारचे आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट (१८९७–१९६७) यांच्या मते भिन्न समूहांचा संपर्क वाढल्यास पूर्वग्रह कमी होतो; मात्र त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य व अधिकारसंस्थेचा पाठिंबा आवश्यक असतो. निव्वळ सान्निध्य पुरेसे नसते. गावगाड्यात स्पृश्य व अस्पृश्य यांचा संबंध रोजचाच होता, पण तो समानतेचा नव्हता. म्हणूनच दुसरा उपाय, म्हणजे कायदा, महत्त्वाचा ठरतो. कायदा मन बदलू शकत नाही. परंतु भेदभावाची किंमत तो वाढवितो आणि गप्प राहणाऱ्याला न्याय्य वागण्यासाठी आधार देतो. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिचे पालन करणे १९५५ च्या अधिनियमाने दंडनीय ठरविले. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी १९८९ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध अधिनियम संमत केला. नाशिकच्या खेड्यांत सत्याग्रहकाळी जे शस्त्र वापरले गेले, ते अशा रीतीने गुन्हा ठरले. भेदभावाची नवी रूपे मात्र उघड नसतात. घर भाड्याने देताना वा नोकरीसाठी अर्ज निवडताना आडनावावरून होणारी निवड दरवाजा बंद केल्यासारखी दिसत नाही. त्यामुळे ती सिद्ध करणे अधिक कठीण असते.