आजोबांची बंदूक आणि न्यूटनचा तिसरा नियम

दौलताबादच्या किल्ल्यावर सहल गेली की मुले मेंढा तोफेपाशी हमखास रेंगाळतात. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले आहे. तेथे मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा: गोळा पुढे गेला, मग तोफेला बसलेला मागचा धक्का गेला कुठे? तो बुरुजाच्या बांधकामात जिरला, हे उत्तर थोड्या चर्चेनंतर मिळते. दोनअडीचशे वर्षांनी माणसाने याच वाया जाणाऱ्या धक्क्याला कामाला जुंपले.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या शिकारीच्या बंदुका काही घरांत अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि बंदुका कपाटात गेल्या. एका शिक्षकमित्राच्या आजोबांची अशीच एक बंदूक होती. बारा बोअरची आणि एक बार काढला की पुढचे काडतूस आपोआप भरणारी. "हिची किंमत किती, आणि ही सांभाळायची कशी?" असे त्यांनी विचारले.

आधी 'बारा बोअर' म्हणजे काय ते पाहू. नळीच्या आतल्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, तेव्हा एक गोळी ३७.८ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४ धरली तर तिचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर येते आणि व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. हे उदाहरण नववीच्या वर्गात सहज करता येते. बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक का होते, हेही मुलांना आपोआप कळते.

आता धक्क्याचे गणित. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३७० मीटर वेगाने निघाले, तर त्यांचा संवेग सुमारे ११.८ येतो. बंदूक ३.७ किलोची असेल, तर ती सेकंदाला ३.२ मीटर वेगाने मागे येते. (दारूचा वायू आणि काडतुसातली डाट यांचा वाटा धरला तर वेग आणखी थोडा वाढतो.)

अमेरिकेतल्या ऑग्डेन गावचे जॉन ब्राउनिंग यांनी हा धक्का वापरायचे ठरवले. त्यांच्या बंदुकीचे उत्पादन बेल्जियममधील एर्स्टाल येथील एफ.एन. कारखान्यात १९०२ च्या सुमारास सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालले. मित्राची बंदूक याच जातीची. हिची नळी दस्त्याला पक्की जोडलेली नसते. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत काडतुसाच्या लांबीइतके मागे सरकतात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी स्प्रिंगमुळे पुढे जाते आणि रिकामे टरफल बाहेर पडते. शेवटी बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो.

मागे येणाऱ्या नळीला आवरायला ब्रेक लागतो. नळीखालच्या मॅगझिनच्या नळकांड्यावर ब्राँझची एक चिरलेली कडी असते. जोरदार काडतुसांसाठी स्प्रिंग आणि ब्राँझची कडी यांच्यामध्ये उतार दिलेली पोलादी कडी ठेवतात. ती ब्राँझच्या कडीला नळकांड्यावर आवळते आणि घर्षण वाढते. हलक्या काडतुसांसाठी पोलादी कडी स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. हा क्रम चुकला तर एकतर बंदूक अडकते, नाहीतर प्रत्येक बाराला नळी मागे आदळते आणि पुढच्या लाकडाला तडे जातात.

येथेच आपली एक समजूत आड येते. जुने यंत्र म्हटले की आपण तेलाची बाटली काढतो. पण या नळकांड्यावर तेल थबथबले तर ब्रेकच निकामी होतो! तेथे तेल लावून ते पुसून काढावे, नुसता ओशटपणा उरावा. नळीच्या आत प्रश्न वेगळा असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढून पोलाद गंजवतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशी काडतुसे उडवल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी, मगच तेल लावावे. चामड्याच्या म्यानात बंदूक वर्षभर ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

साफसफाईआधी एक धोका मात्र नीट समजून घ्यावा. नळीतले काडतूस काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे दुनळीच्या सवयीने वाटते. या बंदुकीत मॅगझिनमधले पुढचे काडतूस लगेच वर येऊन बसते. म्हणून मॅगझिन आधी रिकामे करावे आणि नंतर नळी, मॅगझिन दोन्ही डोळ्यांनी व बोटाने तपासावे.

किमतीकडे वळू. कारखान्याचे नाव पाहून लोक हुरळतात. मला नाव सर्वांत शेवटी पाहावेसे वाटते. नळीत गंजाचे खड्डे आहेत का, लाकूड तडकले आहे का, भागांवरचे क्रमांक जुळतात का, हे आधी. त्याहून महत्त्वाची चेंबरची लांबी. महायुद्धापूर्वीच्या सोळा बोअरच्या काही नळ्यांत ती ६५ मिलिमीटर असते. काडतुसावर लिहिलेली लांबी मात्र उघडलेल्या टरफलाची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस आखूड चेंबरमध्येही सहज बसते. बार उडताना मात्र त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. 'बसले म्हणजे चालले' हा निकष येथे घातक ठरतो. आपल्याकडे अशा बंदुकीला मिळणारा भाव बराचसा टंचाईचा असतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात जवळजवळ बंद झाली, म्हणून झिजलेल्या परदेशी बंदुकीलाही मोठी रक्कम सांगतात.

आणि मालकी? बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक वारल्यावर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणुकीच्या काळातही अनेकांच्या बंदुका ठाण्यात जातात आणि काही वेळा ऐन पावसाळ्यात तेथेच राहतात. जमा करण्यापूर्वी ती पुसून तेलाचा हात द्यावा, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर लाकडाची व नळीची अवस्थाही लिहून घ्यावी. मित्राने तसे केले. बंदूक सध्या विक्रेत्याकडे आहे, अर्ज विचाराधीन आहे.